ब्रिजीचं मत

लेटरकेनी, आयर्लंड
१४ मे २०१६

ती. दादास,
लीलाचा नमस्कार.

सुखरूप पोचले. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू तुझ्या मनाने भरून घेतोस, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्रच लिहिते आहे. अंबरीश डब्लिनला विमानतळावर न्यायला आला होता. तिथून सरळ रस्ता तीन तासांचा, पण तो मधेच उत्तर आयर्लंडमधून, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीतून जातो, आणि अंबरीशकडे तिकडचा व्हिसा नाही. म्हणून तो पश्चिमेकडून वळसा घेऊन साडेचार तासांनी घरी आला. गंमत अशी की माझ्या पाहुणीच्या व्हिसावर दोन्हीकडे जायची परवानगी आहे. इथल्या सरकारी हॉस्पिटलात सहा वर्षं भूल देणाऱ्या डॉक्टरला नाही, आणि सांगलीच्या हायस्कुलातल्या निवृत्त क्लार्कबाईला आहे. सूनबाई मुक्ता दोन दिवस हसत होती.

स्वरांगी आठ वर्षांची झाली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींचं छान चालतं. परवा म्हणाली, "आजी, कप प्रेसमध्ये ठेव." मी इस्त्री शोधत बसले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

शेजारी ऊना नावाच्या बाई राहतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. इथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, म्हणून मीही ऊनाच म्हणते. दुसऱ्याच दिवशी तिने बागेतली लालसर आंबट देठं आणून दिली. मी त्यांची अंबाडीसारखी भाजी केली आणि वाटीभर तिच्याकडे पाठवली. तिने निरोप धाडला, "ग्रँड." इथे सगळंच ग्रँड असतं. पाय दुखतोय का विचारलं तरी ग्रँड.

ऊनाचं माहेर स्ट्रबेनचं. इथून अर्ध्या-पाऊण तासावर लिफर्ड नावाचं गाव आहे, तिथला नदीवरचा पूल ओलांडला की स्ट्रबेन. पुलाच्या पलीकडे पत्रपेट्या हिरव्याच्या लाल होतात आणि किलोमीटरचे मैल होतात, एवढीच काय ती सरहद्द. कुणी अडवत नाही, विचारत नाही. तिथे ऊनाची धाकटी बहीण ब्रिजी राहते, एकटीच. दर गुरुवारी ऊना गाडी काढून तिच्याकडे जाते. घरात सगळे कामावर आणि शाळेत, म्हणून या गुरुवारी तिने मलाही बरोबर नेलं. तिघी म्हाताऱ्या खिडकीत बसून चहा प्यायलो. माझं इंग्रजी कागदावरचं, त्यांचं तोंडातल्या तोंडात. तरी बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात तिकडे मतदान आहे. ब्रिटनने युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं. ऊना म्हणते, काही होणार नाही.

वहिनींना नमस्कार. तुझा नरेश आणि त्याची छोटी स्मृती कसे आहेत?

तुझी,
लीला


निपाणी
१ जून २०१६

चि. लीलास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अठ्ठावीस तारखेला मिळालं. पोस्टमन स्वतः आत आला आणि तिकीट मागून घेऊन गेला.

मतदानाचं मी इथे पेपरात वाचतो आहे. तुझ्या शेजारणीला म्हणावं, सहज घेऊ नका. मला तर त्या लोकांचा हेवा वाटला. आमचं निपाणी या राज्यात गेलं तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा होतो. आम्हाला कुणी विचारलं नाही. वडील सभांना गेले, सत्याग्रहात दोनदा तुरुंगात गेले, तुला आठवत नसेल. मी पुढे पस्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं आणि दर वर्षी मुलांना सांगितलं की लोकांना विचारायला हवं होतं. तिकडे चक्क प्रत्येकाच्या हातात कागद देऊन विचारतायत. मत देणारा विचार करूनच देईल. तू तिथे आहेस तर नीट बघ आणि मला लिही, लोक काय बोलतात, वर्तमानपत्रात काय येतं. राज्यकर्त्यांचं नको, साध्या माणसांचं लिही.

तुझी वहिनी गुडघ्याला तेल लावून घेते आहे. शाळेचा पट यंदा आणखी खाली आला, पहिलीत अकरा मुलं. नरेश ठीक आहे. स्मृतीही.

अंबरीशला म्हणावं, व्हिसा काढून ठेव. सरहद्दीवर राहणाऱ्याने कागद तयार ठेवावेत.

तुझा,
उपेंद्रदादा


लेटरकेनी
२८ जून २०१६

ती. दादास,
लीलाचा नमस्कार.

तू साध्या माणसांचं लिही म्हणालास. पण आता माझ्याकडे एका साध्या माणसाचं असं काही आहे, जे तुझ्याखेरीज कुणाला सांगता येत नाही.

मतदान नेमकं गुरुवारीच होतं. आम्ही नेहमीसारख्या स्ट्रबेनला गेलो. ब्रिजी एकाहत्तर वर्षांची, गुडघ्याने अधू, तेव्हा ऊनानेच तिला गाडीत घालून मतदानाच्या शाळेपर्यंत नेलं. ऊनाला तिकडे मत नाही. आम्ही दोघी गाडीत बसलो, ब्रिजी काठी टेकत आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. घरी परतल्यावर ऊना मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढायला गेली. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. ब्रिजी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि खिडकीतून बहिणीकडे बघत बोलू लागली.

तिने बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं होतं.

दादा, तिला वाटत असावं की मला कळत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत खरंच कळत नव्हतं. आता कान तयार झालेत. ती सांगत होती, पंधराव्या वर्षापासून तेहेतीस वर्षं तिने शर्टाच्या कारखान्यात कॉलरी शिवल्या. मग काम परदेशात गेलं, कारखाना बंद झाला. कुणीतरी येऊन म्हणालं, युरोपाच्या मदतीने तुम्हाला नवं शिकवू. सहा आठवडे कॉम्प्युटर शिकवला, प्रमाणपत्र दिलं, आणि पुढे काही नाही. तिच्या ओळीतल्या चाळीस बायका घरी बसल्या. "तेव्हा मला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा विचारलं. बाहेर पडा म्हणणारे काही जिंकत नाहीत. पण मला एकदा 'नको' म्हणून बघायचं होतं."

मी कप पुसत राहिले. मला कळलंय असं मी तेव्हाच दाखवायला हवं होतं. दाखवलं नाही.

शुक्रवारी सकाळी उठले तर मुक्ता रेडिओसमोर दात घासायचा ब्रश हातात धरून उभी. ते जिंकले होते. थोड्या वेळात ऊना आली, केस न विंचरता. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. खुर्चीत बसली आणि तिच्या आईची हकिगत सांगितली. बेचाळीस वर्षांपूर्वी, तिकडे दंगली चालू असताना, लहान रस्ते सगळे बंद केले होते आणि पुलावर चौकी होती. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. ऊना निघाली, पण पुलावर गाड्यांची रांग लागलेली. ती पोचली तेव्हा ब्रिजीने आईचे डोळे मिटले होते. "पुन्हा तो पूल तसा व्हायला नको," एवढंच ती म्हणाली. मुक्ताने तिला आल्याचा चहा करून दिला.

त्या दिवसापासून गावात दुसरा विषय नाही. औषधाच्या दुकानातली मुलगी रोज पलीकडून येते, ती मला विचारते, मी उद्यापासून पासपोर्ट घेऊन कामाला यायचं का? मला काय ठाऊक. अंबरीशच्या वॉर्डातल्या तीन नर्स स्ट्रबेनच्या. कोपऱ्यावरच्या शेतकऱ्याचं एक कुरण इकडे आणि एक तिकडे. तो म्हणाला, मेंढ्यांना कोण समजावणार? त्यावर दुकानातले सगळे हसले. रविवारी चर्चहून येताना ऊनाने ऐकलं की पलीकडच्या पोस्टात आयरिश पासपोर्टचे अर्ज संपले. तिकडे जन्मलेल्यांना तो मिळतो म्हणे. आणि जो भेटेल तो त्या बाजूने मत देणाऱ्यांना नावं ठेवतो. ऊना सगळ्यांत जास्त. ती म्हणाली, स्ट्रबेनमधल्या ज्याने ज्याने हे केलं, त्याला आपल्या माणसांची पर्वा नाही.

आता मी काय करू? ऊनाला सांगू? तिने मला बहिणीसारखं घरात घेतलंय. आणि ब्रिजीने तर मी भिंत आहे असं समजून सांगितलं. तू सांगशील तसं करीन.

तुझी,
लीला


निपाणी
१३ जुलै २०१६

चि. लीलास,
आशीर्वाद.

पत्र वाचून मी दोन दिवस थांबलो, रागाच्या भरात लिहू नये म्हणून. तरी राग गेला नाही.

मतदान गुप्त असतं हे मी मुलांना नागरिकशास्त्रात शिकवलं आहे. सरकारपासून गुप्त. सख्ख्या बहिणीपासून नव्हे. ज्या बहिणीने आपल्याला गाडीत घालून नेलं, ती आईच्या शेवटच्या क्षणी त्या पुलापायी पोचू शकली नाही हे डोळ्यांनी पाहिलेलं, आणि तरी मुकाट्याने आत जाऊन असं करायचं? कारखाना बंद झाला हे वाईट झालं. पण घरातल्या माणसाला आधी विचारायचं. विचारलं नाही म्हणजे मनात ठाऊक होतं की हे बरोबर नाही. आपली माणसं आयुष्यभर कशासाठी झिजली ते विसरून, चार सोयी बघून, परस्पर निर्णय घेऊन मोकळं होणारी माणसं मला समजत नाहीत. त्यांना धरून बसण्यात अर्थ नाही.

तू ऊनाबाईंना सांगून टाक. तिसऱ्याकडून कळलं तर त्या तुलाही बोल लावतील, आणि ते योग्यच होईल.

इथे पाऊस बरा. बाकी ठीक.

उपेंद्रदादा

(लीलावन्सं, खाली जागा उरली म्हणून मी लिहिते. यांचं फार मनावर घेऊ नका. गेलं वर्षभर हे सगळ्यांवरच असे चिडतात. कारण मी सांगत नाही, यांनीच सांगावं. — पद्मिनी)


लेटरकेनी
३० जुलै २०१६

ती. दादास, सौ. वहिनींस,
लीलाचा नमस्कार.

दादा, तुझं पत्र मला सव्वीसला मिळालं, तोवर सगळं होऊन गेलं होतं. आणि तू म्हणालास तसंच झालं, ऊनाने मला बोल लावला.

ऊनाने इथल्या पोस्टातून पासपोर्टचा अर्ज आणला होता, ब्रिजीसाठी. अर्जावर आणि फोटोमागे ओळखीच्या डॉक्टरची वगैरे सही लागते. अंबरीश ब्रिजीला ओळखतो, ऊनाकडे तिचं येणं असतंच. पण अंबरीशला पूल ओलांडता येत नाही, म्हणून तीन जुलैच्या रविवारी ब्रिजीलाच इकडे चहाला आणलं. अंबरीश नवा शर्ट घालून, पेन खिशाला लावून गेला. मी बरोबर होते. ऊनाने केक केला होता. टेबलावर अर्ज, फोटो, जन्माचा दाखला, सगळं ओळीने मांडलेलं.

ब्रिजीने पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. म्हणाली, मला कुठे जायचं नाही, मला पासपोर्ट कशाला. ऊना म्हणाली, सही कर, उद्या काय होईल सांगता येत नाही. दोनतीनदा असं झालं. मग ब्रिजी म्हणाली, "मी बाहेर पडा म्हणून मत दिलं, ऊना. मग हा कागद कोणत्या तोंडाने घेऊ?"

अंबरीशने माझ्याकडे पाहिलं. ऊना उठली, न प्यायलेले कप उचलले, ओतून टाकले, धुतले, कपाटात ठेवले. इतका वेळ लावला की आम्हाला कुठे बघावं कळेना. मग तिने विचारलं, हे आणखी कुणाला माहीत आहे? ब्रिजी म्हणाली, "लीलाला." म्हणजे दादा, मला कळलंय हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी भिंत नव्हते. तिला कुणालातरी सांगायचंच होतं आणि तिने मला निवडलं होतं.

ऊनाने मला विचारलं, खरं का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "तू दहा दिवस माझ्या गाडीत बसलीस." अंबरीशनेच एका मित्राला फोन करून ब्रिजीला परत पाठवायची व्यवस्था केली.

त्यानंतर सात आणि चौदा जुलै, दोन्ही गुरुवारी ऊनाची गाडी दारातच उभी. मी सकाळी अंगणात दिसले की ती मान हलवायची, आत जायची. माझे परतायचे दिवस जवळ येत होते. मी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या वेळी तिने दार उघडलं. मी म्हटलं, माझं चुकलं, मला तुला सांगता आलं नाही. ती म्हणाली, ठीक आहे. ग्रँडसुद्धा म्हणाली नाही.

एकवीस तारखेला मी मुक्ताला सांगितलं, मी स्ट्रबेनला जाऊन येते. ती घाबरली, पण तिची मीटिंग होती आणि अंबरीश ड्यूटीवर. डब्लिनची बस स्ट्रबेनवरून जाते. माझ्या पर्समध्ये पासपोर्ट, डब्यात थालीपीठं आणि चिठ्ठीवर ब्रिजीचा पत्ता. आयुष्यात पहिल्यांदा परदेशात एकटी बसमध्ये बसले, तीही एका देशातून दुसऱ्या देशात. ड्रायव्हरने पत्ता वाचून बरोबर कोपऱ्यावर उतरवलं.

ब्रिजीने दार उघडलं तेव्हा ती आधी माझ्या मागे बघत होती, गाडी दिसते का. मग मला आत घेतलं. थालीपीठ तिने लोणी लावून खाल्लं आणि जळलंय म्हणाली. मग शिवणाचं मशीन दाखवलं, कारखाना बंद होताना तिने मागून घेतलेलं. स्वरांगीच्या फ्रॉकची कॉलर माझ्या पिशवीत होती, उसवलेली. तिने चष्मा लावला आणि बोलता बोलता शिवून टाकली. दादा, मी आयुष्यात इतकी सरळ शिवण पाहिली नाही. मी तसं म्हटलं. तिने मशीनवर झाकण घातलं आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून बसली.

परतीच्या बसला उशीर होता. ब्रिजी म्हणाली, तू एकटी आलीस ते आलीस, माझ्या घरून तुला एकटी पाठवणार नाही. कोट घातला, काठी घेतली आणि माझ्याबरोबर बसमध्ये चढली. मी अडवलं नाही. पाहुण्याला पोचवायला जावंच लागतं.

लेटरकेनीच्या स्टँडवरून टॅक्सी केली. मी मुद्दाम ऊनाच्या दारासमोर उतरले. ऊनाने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मागे काठीवर उभ्या बहिणीकडे पाहिलं. विचारलं, "जेवलात?" ब्रिजी म्हणाली, हिने काहीतरी जळकं दिलं होतं. ऊना बाजूला झाली आणि आम्ही आत गेलो.

जेवताना ऊना म्हणाली, "मला आधी विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं."

"हो," ब्रिजी म्हणाली. "म्हणूनच नाही विचारलं."

ऊना बटाटा सोलत राहिली. मग म्हणाली, त्या कारखान्यातून तू घरी आलीस त्या आठवड्यात मी आले नव्हते. मला यायला हवं होतं. ब्रिजी म्हणाली, तुझी मुलं लहान होती. ऊना म्हणाली, लहान नव्हती. मग दोघी जेवल्या, आणि ब्रिजी त्या दिवशी तिथेच राहिली. परवाच्या गुरुवारी आम्ही तिघी पुन्हा स्ट्रबेनला होतो. मत बदललंय असं नाही, कुणाचंच. अर्ज अजून ऊनाच्या टेबलाच्या खणात आहे.

मी सहा तारखेला निघते. दादा, आता तुला एक विचारते आणि तू चिडू नकोस. ते पत्र तू ब्रिजीबद्दल लिहिलं होतंस, की आणखी कुणाबद्दल?

तुझी,
लीला


निपाणी
१८ ऑगस्ट २०१६

चि. लीलास,
अनेक आशीर्वाद.

सांगलीला नीट पोचलीस हे वहिनीला फोनवर कळलं. तुझं शेवटचं पत्र तुझ्यानंतर चार दिवसांनी आलं.

आणखी कुणाबद्दलच होतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये नरेशने स्मृतीला कन्नड शाळेत घातलं. माझ्या शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे. प्रवेश घेऊन झाल्यावर मला सांगितलं. मी त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतं बोलत होतो, आणि तुला दोन पत्रं लिहिली त्यात एकातही हे लिहिलं नाही. लाज वाटत होती. लोक मला विचारत, गुरुजी, नात कुठल्या शाळेत? मी विषय बदलत असे.

तुझं पत्र वाचून मी ते तसंच नरेशच्या हातात दिलं. त्याने गच्चीवर बसून वाचलं. खाली आला तेव्हा मी विचारलं, मला आधी का नाही विचारलंस? तो म्हणाला, "दादा, तुम्ही नाही म्हटलं असतं आणि मग मला तुमचं मोडावं लागलं असतं." त्याच्या नोकरीत कन्नड न आल्यामुळे काय काय झालं ते त्याने मला सांगितलं. बारा वर्षांतलं. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

मला पटलेलं नाही, हे लिहून ठेवतो. पहिलीत अकरा मुलं असताना माझीच नात दुसरीकडे जाते, हे दुःख राहणार. पण सोमवारपासून स्मृतीला शाळेत सोडायला मी जातो. फाटकाबाहेरच थांबतो. वाटेत ती मला दुकानांवरच्या कन्नड पाट्या वाचून दाखवते आणि मी मुद्दाम चुका करतो, म्हणजे ती थांबून समजावते. काल वाण्याने हे पाहिलं. पाहू दे.

तुझी वहिनी म्हणते, त्या ब्रिजीबाईंना आमचा नमस्कार सांग.

तुझा,
दादा


लेटरकेनी
१६ एप्रिल २०१९

ती. दादास,
लीलाचा नमस्कार.

तीन वर्षांनी पुन्हा इथून लिहिते आहे. तुझं कानातलं यंत्र आलंय हे माहीत असूनही पत्रच लिहिते, कारण हे फोनवर नीट सांगता आलं नसतं.

ऊनाची डिसेंबरात खुब्याची शस्त्रक्रिया झाली. भूल अंबरीशनेच दिली. तेव्हापासून ब्रिजी इथेच येऊन राहिली आहे, बहिणीचं सगळं बघते. म्हणजे ती बघते आणि ऊना तिच्या चुका काढते. मला दोघींनी दारातच मिठी मारली. स्वरांगी अकरा वर्षांची झाली, ब्रिजीकडून शिवण शिकते आणि तिच्यासारखंच बोलते.

बाहेर पडण्याची तारीख एकोणतीस मार्च होती. ती गेली. मग बारा एप्रिल, तीही गेली. आता ऑक्टोबर म्हणतात. लोक कंटाळलेत आणि तरी धास्तावलेले आहेत. पुलाच्या दोन्ही टोकांना फलक लागलेत, चौकी नको म्हणून. शनिवारी दुपारी लिफर्डच्या एका हॉलमध्ये सभा होती, दोन्हीकडच्या लोकांची. ऊना काठी घेऊन आता चालू शकते, तिला जायचंच होतं. आम्ही तिघी दुसऱ्या रांगेत बसलो. मुक्ताने गाडीने सोडलं आणि ती मागे उभी राहिली.

एकेकजण उठून बोलत होता. एक शिक्षिका, एक शेतकरी, एक नर्स. सगळे शांतपणे, आपापलं. मग एक तिशीचा माणूस उठला, दुधाचा टँकर चालवणारा. तो दिवसातून चारदा सरहद्द ओलांडतो. बोलता बोलता तो चिडला. म्हणाला, आपल्याच गावातल्या ज्यांनी बाहेर पडा म्हणून मत दिलं ते एकतर मूर्ख आहेत नाहीतर गद्दार, आणि त्यांच्यातला एकही इथे तोंड दाखवणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ब्रिजी उठली. मी तिचा कोट धरायला हात पुढे केला होता, पण धरला नाही. माईक तिच्यापर्यंत आला नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. ती म्हणाली, "मी त्यांच्यातली आहे. मी स्ट्रबेनची, शर्टाच्या कारखान्यात होते." मग तिने तेच सगळं सांगितलं जे तीन वर्षांपूर्वी मला स्वयंपाकघरात सांगितलं होतं, फक्त या वेळी लोकांकडे बघून. शेवटी म्हणाली, पूल बंद व्हावा असं मला कधीच वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, कुणीतरी ऐकेल.

तो टँकरवाला उभाच होता. मागून कुणीतरी म्हणालं, आता काय उपयोग. आणखी कुणी काहीतरी पुटपुटलं. ब्रिजी बसायला खुर्ची चाचपत होती.

तेवढ्यात ऊना उठली. खुब्याच्या नव्या सांध्याचं दुखणं, तिला उठायला वेळ लागतो. तिने समोरच्या खुर्चीची पाठ धरली, काठी मला दिली, आणि सरळ उभी राहून म्हणाली:

"ही माझी बहीण. त्या दिवशी मीच हिला गाडीतून मत द्यायला नेलं होतं. हिचं मत मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पण ही माझ्याबरोबर आली आहे आणि माझ्याबरोबरच घरी जाईल. ज्याला हिला काही विचारायचं असेल त्याने इथे पुढे येऊन विचारावं. मागून बोलू नये."

मग ती बसली. ब्रिजीही बसली.

मग दादा, तो टँकरवाला खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला. मला वाटलं, आता भांडण. तो ब्रिजीसमोर गुडघ्यांवर बसला, म्हणजे त्याचं डोकं तिच्या डोक्याच्या उंचीला आलं, आणि त्याने विचारलं, तुमचा कारखाना कुठला, स्टेशनाजवळचा का? ती हो म्हणाली. तो म्हणाला, "माझी आई तिथेच होती. बटणांच्या टेबलावर."

ब्रिजीने त्याच्या आईचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. तिने पर्समधून चष्मा काढून लावला आणि त्याचा चेहरा नीट पाहून घेतला.

पुढची सभा कशी झाली मला सांगता येणार नाही, आम्ही ऐकलीच नाही. तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिला, आणि ती त्याला त्याची आई कशी होती ते सांगत होती.

तुझी,
लीला